रुग्णालयातून अंगणवाडीकडे : तीव्र कुपोषणाच्या उपचारनियमांची वाटचाल

(दृश्य : अंगणवाडीची खोली. लांबी मोजण्याच्या फळीवर निजवलेले मूल, डोक्याशी मदतनीस, पायांशी सेविका.)

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी त्याला आडवे निजवून मोजतात, आणि ते काम एकट्याने होण्यासारखे नाही. एकीने मुलाचे डोके फळीच्या वरच्या टोकाला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलक्या हाताने दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळपायांना भिडवून आकडा वाचायचा. मूल रडत असते, पाय आखडून घेते, आणि मग वाचन घाईत उरकले जाते. लांबी एक सेंटिमीटरने कमी वाचली गेली, तरी त्या लांबीला अपेक्षित असलेले वजन दीड-दोनशे ग्रॅमने खाली येते आणि जे मूल अतितीव्र कुपोषित ठरायला हवे होते ते नोंदीत मध्यम कुपोषित होऊन बसते. मूल तेच, त्याची प्रकृतीही तीच; पण त्याच्या वाट्याला येणारा उपचार बदलतो.

तीव्र कुपोषणाच्या उपचारांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे बदलतात तेव्हा मुख्यतः हेच होते. कुठे तरी एक रेषा सरकते आणि कोणत्या मुलावर, कुठे, कोणी आणि किती दिवस उपचार करायचे हे नव्याने ठरते. म्हणूनच या कागदपत्रांकडे निव्वळ डॉक्टरांच्या कामाची बाब म्हणून पाहणे पुरेसे नाही.

(दृश्य : वाढीचा तक्ता, दंडघेर मोजण्याची तीन रंगांची पट्टी.)

लांबीच्या किंवा उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी असणे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित तक्त्यात ते उणे तीनच्या रेषेखाली (मध्यापासून तीन प्रमाण विचलनांहून अधिक खाली) असणे, ही अतितीव्र कुपोषणाची, अर्थात ‘सॅम’ची, पहिली खूण होय. दुसरी खूण म्हणजे दोन्ही पावलांवरची सूज, जिच्यावर बोटाने दाबले असता खळगा तसाच राहतो. तिसरी खूण दंडाच्या घेराची : सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असणे. एवढ्या घेराच्या दंडाची जाडी पावणेचार सेंटिमीटरही भरत नाही. वजन-उंची आणि दंडघेर या दोन मोजमापांतून दर वेळी तीच मुले सापडतात असे नाही. भारतात तर केवळ दंडघेर पाहिला तर वजन-उंचीच्या तुलनेत बरीच कमी मुले सापडतात. कोणते माप प्रमाण मानायचे, या प्रश्नावरून तज्ज्ञांत चालणारा वाद वरकरणी तांत्रिक वाटला, तरी त्याच्या निकालावर लाखो मुलांची गणना अवलंबून असते.

हे आकडे मुळात स्थिर नव्हतेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये डॉक्टरांसाठी जी पुस्तिका काढली, तिचा सगळा भर रुग्णालयातील उपचारांवर होता. २००६ मध्ये भारतासह सहा देशांतील निरोगी मुलांच्या अभ्यासावरून वाढीचे नवे तक्ते तयार झाले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एकत्रितपणे असे मांडले की, ज्या मुलांना इतर कोणता गंभीर आजार नाही आणि ज्यांची भूक शाबूत आहे, त्यांच्यावर घरी ठेवूनच उपचार करावेत. २००९ मध्ये दंडघेराची मर्यादा ११० वरून ११५ मिलिमीटरवर आणली गेली. पाच मिलिमीटरच्या या बदलाने कितीतरी मुले उपचाराच्या कक्षेत आली.

भारताने २०११ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयामार्फत पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. आज जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत ‘एनआरसी’ म्हणून जो विभाग असतो, त्याचे काम या सूचनांवर उभे राहिले.

(दृश्य : पोषण पुनर्वसन केंद्रातील स्वयंपाकघर. मोजपात्र, वाटीत साखर, तेलाची बाटली.)

या केंद्रात दाखल झालेल्या मुलाला पहिल्या दिवसांत पोटभर जेवू घालत नाहीत, हे नातेवाइकांना समजावून सांगणे फार कठीण जाते. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीरात हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतात. एकदम भरपूर अन्न मिळाले तर रक्तातील क्षारांचा तोल ढासळून मूल दगावू शकते. म्हणून सुरुवातीला जे दूध देतात त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिने असतात. गाईचे ताजे दूध वापरायचे असेल तर ३०० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम साखर, २० मिलिलिटर तेल आणि क्षारांचे ठरलेले मिश्रण एकत्र करून त्यात पाणी घालत एक लिटर भरवतात. हे दूध सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीही, मोजून पाजायचे असते. भूक परतली आणि सूज उतरू लागली की १०० मिलिलिटरला १०० कॅलरी देणारे दाट दूध सुरू होते. हा क्रम पाळल्याने मृत्यू कमी होतात, याविषयी आता दुमत नाही.

दुमत आहे ते मुलाला घरी कधी पाठवायचे यावर. २०११ च्या सूचनांनुसार दाखल होतानाच्या वजनात १५ टक्के वाढ होणे हा घरी पाठवण्याचा प्रमुख निकष होता. ऐकताना तो वाजवी वाटतो, पण हिशेब करून पाहावा. समजा, सारख्याच लांबीच्या दोन मुली दाखल झाल्या. एकीचे वजन ६ किलो आणि दुसरीचे ५ किलो २०० ग्रॅम. १५ टक्के वाढीनंतर पहिली ६ किलो ९०० ग्रॅमवर घरी जाईल, तर दुसरी ५ किलो ९८० ग्रॅमवर, म्हणजे पहिली दाखल झाली त्याहूनही कमी वजनावर. नियम दोघींना सारखा लागू झाला, पण जी जास्त खंगलेली होती तिला तो अर्ध्या वाटेवरच सोडून मोकळा झाला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या सूचनांत सुधारणा करताना टक्केवारीचा हा निकष वापरू नये असे स्पष्ट केले. वजन-उंचीचे गुणोत्तर उणे दोनच्या रेषेवर यावे किंवा दंडघेर १२५ मिलिमीटर व्हावा, आणि किमान दोन आठवडे सूज नसावी, असा नवा निकष आला. एखादा नियम सुधारायला हवा का, हे ठरवताना सर्वांत अशक्त मुलाला तो कसा वागवतो एवढी एक परीक्षा घेतली, तरी पुष्कळ काम होईल.

(दृश्य : गावाचा रस्ता, एसटीचा थांबा, कडेवर मूल घेतलेली आई.)

रुग्णालयावर बेतलेल्या व्यवस्थेची दुसरी अडचण तिथवर पोहोचण्याची आहे. केंद्रात साधारण १४ दिवस राहावे लागते. घरी दुसरे लहान मूल आहे, कापणी तोंडावर आली आहे, नवरा कामावर गेला आहे, अशा स्थितीतल्या आईने दोन आठवडे तालुक्याच्या गावी जाऊन राहायचे, ही अपेक्षाच मोठी आहे. बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. परंतु घर बंद ठेवण्याची किंमत मजुरीएवढीच नसते. त्यातच, सॅम श्रेणीतील मुलांपैकी साधारण १० ते १५ टक्के मुलांनाच गुंतागुंतीचा आजार असल्याने खाटेची गरज भासते. उरलेल्यांना ती लागत नाही; त्यांना गावातच नियमाने खाऊ घालणारे आणि लक्ष ठेवणारे कोणी तरी हवे असते.

महाराष्ट्राने हे बरेच आधी ओळखले होते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनच्या काळात राज्यात तीन पायऱ्यांची रचना आकाराला आली. गावात अंगणवाडीतच ३० दिवस चालणारे ग्राम बाल विकास केंद्र, त्याच्यावर बाल उपचार केंद्र आणि शेवटी पोषण पुनर्वसन केंद्र, अशा त्या पायऱ्या. ग्राम बाल विकास केंद्रात मुलाला दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाऊ घालतात, औषधे देतात आणि वजनाची नोंद ठेवतात. मध्यंतरी निधी आटल्याने ही केंद्रे थंडावली, नंतर पुन्हा सुरू झाली. चालू कामात पडलेला असा खंड कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेला नसतो. तो अंदाजपत्रकात असतो.

देशपातळीवर असा गावाधारित उपचारक्रम यायला २०२३ साल उजाडले. यामागचे एक कारण सरकारी रचनेत आहे : खाट आरोग्य मंत्रालयाकडे आणि अंगणवाडी महिला व बालविकास मंत्रालयाकडे, आणि मूल मात्र दोघांच्या मधोमध. १० ऑक्टोबर २०२३ रोजी मुलांमधील कुपोषणाच्या व्यवस्थापनाची राष्ट्रीय कार्यपद्धती जाहीर झाली. वजन-उंचीच्या तपासणीपासून घरी पाठवल्यानंतरच्या पाठपुराव्यापर्यंत दहा टप्पे तिच्यात सांगितले आहेत.

(दृश्य : आईच्या मांडीवरचे मूल, वाटी, चमचा.)

या टप्प्यांतला भुकेच्या चाचणीचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. मुलाला शांत जागी आईच्या मांडीवर बसवायचे, वजनानुसार ठरवून दिलेला आहार समोर ठेवायचा आणि ते आपणहून किती खाते हे पाहायचे; जबरदस्तीने भरवायचे नाही. पुनर्वसन केंद्रांत या चाचणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, दूध पावडर, साखर आणि खोबरेल तेल यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत आधीपासून होती. मुलाने ठरलेले प्रमाण खाल्ले नाही, तर बाहेरून ते कितीही ठीक दिसत असले तरी आत काही तरी बिघडले आहे असे समजून त्याला रुग्णालयात पाठवायचे. खाल्ले, आणि तपासणीत गंभीर आजार आढळला नाही, तर उपचार अंगणवाडीत. प्रयोगशाळेशिवाय, वाटी-चमच्याने होणारी ही चाचणी मुलाचा मार्ग ठरवते, म्हणून ती घेणाऱ्या सेविकेच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च वायफळ मानणे परवडणारे नाही.

पण मग त्या मुलाला अंगणवाडीत खायला काय द्यायचे? या प्रश्नावर भारतात जवळपास पंधरा वर्षे वाद चालू आहे. जगात बऱ्याच ठिकाणी शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचा तयार आहार ‘आरयूटीएफ’ या नावाने वापरतात. त्याच्या ९२ ग्रॅमच्या पाकिटातून ५०० कॅलरी मिळतात, ते उघडून थेट खाता येते, पाणी मिसळावे लागत नाही आणि म्हणून ते लवकर नासत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतात मात्र केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना कळवले की, या पाकिटांचा वापर हे स्वीकृत धोरण नाही. पाकिटे आली की घरचे अन्न मागे पडेल, कंपन्यांचा शिरकाव होईल, ही भीती अनेक कार्यकर्त्यांनी मांडली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

या वादात भारतातच झालेली एक चाचणी फारशी चर्चेत येत नाही. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडू येथील सॅम मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एका गटाला स्थानिक पातळीवर तयार केलेली पेस्ट, दुसऱ्याला कारखान्यात तयार झालेली पेस्ट आणि तिसऱ्याला घरीच शिजवण्यासाठी साहित्य व मार्गदर्शन दिले गेले. १६ आठवड्यांपर्यंतच्या उपचारांत बरे होण्याचे प्रमाण अनुक्रमे ५६.९, ४७.५ आणि ४२.८ टक्के आले. म्हणजे पाकीट हवेच म्हणणाऱ्यांना वाटते तेवढे अंतर नव्हते आणि पाकीट नकोच म्हणणाऱ्यांना वाटते तेवढे ते कमीही नव्हते. पण उपचार थांबल्यानंतरच्या १६ आठवड्यांत बहुतेक मुले पुन्हा मध्यम कुपोषणाकडे घसरली, आणि त्यात कोणत्याही आहाराने त्यांना तारले नाही. पेस्टवरून होणाऱ्या भांडणापेक्षा या घसरणीने आपली झोप उडवायला हवी होती.

(दृश्य : अंगणवाडीत वाढला जाणारा गरम ताजा आहार.)

अति कुपोषित मुलासाठी अंगणवाडीच्या पूरक आहारात दिवसाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत सॅम मुलाला उपचारात्मक आहारातून दर किलो वजनामागे रोज १५० ते १८५ कॅलरी मिळाव्यात असे म्हटले आहे, म्हणजे आठ किलोच्या मुलाला किमान १२००. मधली तूट घरच्या ताटाने भरून काढायची, असे आपण गृहीत धरतो. पण ज्या घरात मूल या अवस्थेला पोहोचले, त्या घरच्या ताटावर एवढा भरवसा टाकणे हे नियोजन नव्हे.

जागतिक सूचनांतले आणखी दोन बदल आपल्याकडे गांभीर्याने घ्यावे लागतील. एक म्हणजे, सहा महिन्यांखालच्या बाळांचा त्यांत स्वतंत्र विचार आहे; आई आणि बाळ ही एकच जोडी मानून दोघांची एकत्र तपासणी आणि स्तनपानाला आधार, असा तो दृष्टिकोन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत या वयाच्या बाळांमध्ये लुकडेपणाचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असण्याचे, प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा जास्त आढळते. अंगणवाडीचा पूरक आहार मात्र सहा महिन्यांनंतर सुरू होतो. दुसरा बदल म्हणजे मध्यम कुपोषित मुलांपैकी दोन वर्षांखालची, आई गमावलेली किंवा पुन्हा घसरलेली मुले जास्त धोक्याची मानून त्यांना विशेष आहारात प्राधान्य देणे. महाराष्ट्राला याची निकड अधिक आहे. येथे २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही सर्वेक्षणांत लुकड्या मुलांचे प्रमाण २५.६ टक्के असेच राहिले, पण त्यांतील अतितीव्र मुलांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले.

(दृश्य : उसाचा फड, कोपीजवळ खेळणारी मुले.)

घसरणीकडे परत यायचे तर, जागतिक सूचनांत उपचारादरम्यान आणि नंतरही कुटुंबाला रोख मदत देण्याचा पर्याय सुचवला आहे. आपली बुडीत मजुरी भरतीच्या दिवसांपुरतीच असते. नंदुरबारमधून दिवाळीनंतर कित्येक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात बऱ्या झालेल्या मुलाच्या पाठपुराव्याचे बरेच आठवडे अशा वेळी फडावर निघून जातात. तिथल्या अंगणवाडीने त्याला आपल्या पटावर घ्यायचे, वजन कोणी करायचे आणि पुन्हा घसरलेले आढळले तर कोणत्या जिल्ह्याच्या केंद्रात दाखल करायचे, हे राष्ट्रीय कार्यपद्धतीच्या पुढच्या आवृत्तीत नि:संदिग्ध शब्दांत लिहिलेले असायला हवे, आणि त्या मुलाच्या ८०० कॅलरींचा खर्च कोणत्या राज्याने उचलायचा हेही.