नदीतल्या माशांची मोजदाद

(वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'लाल यादी: धोक्यातल्या प्रजाती कशा ठरवतात आणि आपल्या नद्यांना तिचा उपयोग काय'. त्या यादीपर्यंत मी येणारच आहे. पण आधी एका माशाची हकिकत सांगतो, कारण ती ऐकली की यादी कशासाठी हवी हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

मासा म्हणजे आपला खडशी. पुस्तकात महसीर म्हणतात तो. इथे नदीकाठी वाढलेली जी ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांनी तो पाहिला असणार. तळहाताएवढे खवले, सोनेरी झाक, ओठ जाड. समोरच्या रांगेतल्या काकांनी मान हलवली, म्हणजे साक्षीदार मिळाला. या खडशीची शास्त्राला पहिली ओळख झाली ती आपल्या मुळा-मुठेतून. कर्नल विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. त्याचं काम होतं मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायची, म्हणजे पीकपाणी, माणसं, बाजारभाव. ते करता करता त्याने इथल्या नद्यांतले मासे बारकाईने पाहिले आणि 1839 मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध झाली. खडशी, मळ्या, कोळस हे सगळे त्यात आहेत, आणि त्यांची शास्त्रीय नावंसुद्धा त्याने काठावरच्या लोकांच्या तोंडून उचललेली आहेत. पुणे शहरातून वाहणाऱ्या त्याच मुळा-मुठेची आजची अवस्था मी तुम्हाला सांगायला नको.

आता पुढचं ऐका. धरणं झाली, पाणी नासलं, सुरुंग लावून मासे मारायला लागले, आणि खडशी कमी झाला. तेव्हा काही चांगल्या माणसांनी मनावर घेतलं आणि 1970 च्या दशकात लोणावळ्याला या माशाचं बीज तयार करायला सुरुवात केली. फार अवघड काम होतं ते. नदीत पुराच्या पाण्यावर अंडी घालणारा मासा, त्याची अंडी हाताने काढून, फलित करून, पिल्लं वाढवायची. ते जमलं. लाखांनी पिल्लं झाली आणि देशभर वाटली गेली, ती कावेरीतही सोडली गेली.

कावेरीत आधीपासून एक दुसरा महसीर राहत होता. पाठीला उंचवटा असलेला, आकाराने प्रचंड. 1946 साली म्हैसूरजवळ काबिनी नदीत त्यातला एक 120 पौंडांचा मासा गळाला लागला होता. म्हणजे साधारण 54 किलो. एका माणसाच्या वजनाचा मासा गोड्या पाण्यात, आणि तोही गळावर! जगभरचे गळ टाकणारे लोक त्याच्यासाठी कावेरीवर यायचे. पण गंमत अशी की हा मासा सगळ्यांना माहीत होता, फोटो होते, विक्रम होते, आणि त्याची शास्त्रीय ओळख मात्र पक्की नव्हती. कोणी त्याला या नावाने म्हणायचं, कोणी त्या. आणि ज्याची ओळखच पक्की नाही, त्याचं धोक्याचं मूल्यमापन होत नाही. यादीत नाव नाही म्हणजे रेशनकार्डावर नाव नाही. तुम्ही घरात असता, जेवायला बसता, पण तुमच्या वाट्याचं धान्य येत नाही.

मग लोणावळ्याचा खडशी तिकडे वाढला. खूप वाढला. आणि पाठीला उंचवटा असलेला तो मोठा मासा दिसेनासा झाला. हे कळलं कसं, ते मला तुम्हाला विशेष सांगायचंय. कुठल्या मोठ्या सर्वेक्षणातून नाही कळलं. कावेरीवर गळाने मासे पकडून, मोजून, परत पाण्यात सोडणाऱ्या हौशी लोकांचे कॅम्प होते. त्यांनी वह्या ठेवल्या होत्या. तारीख, कोणता मासा, वजन किती. 1998 पासून 2012 पर्यंतच्या त्या वह्या संशोधकांनी मांडून बसून वाचल्या, तेव्हा दिसलं की पाहुणा वाढत गेला आणि घरचा संपत गेला. 2018 मध्ये या मोठ्या माशाची ओळख पक्की झाली. 2007 मध्ये केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून, लहान मासे पाहून, टॉर रेमादेवी नावाच्या प्रजातीचं वर्णन झालं होतं. तोच हा. ओळख पटली आणि त्याच वर्षी तो लाल यादीत थेट 'अतिसंकटग्रस्त' या रकान्यात जाऊन बसला.

लोणावळ्याच्या त्या कामाला मी नावं ठेवत नाहीये. ज्यांनी ते केलं त्यांच्यामुळे आपला खडशी टिकला. माझं म्हणणं एवढंच, की कावेरीत पिल्लं सोडायच्या आधी तिथे कोण राहतं हे कोणी मोजलं नव्हतं. आधी मोजदाद, मग बीज सोडणं. हा क्रम उलटा झाला की चांगल्या हातांनी वाईट घडतं. आणि आपल्याकडे तो क्रम आजही उलटाच आहे. तलाव दिसला की कटला, रोहू, मृगळ सोडा. हे तिन्ही उत्तरेकडच्या नद्यांचे मासे. ताटात छान लागतात, माझा काही आक्षेप नाही, पण ते सह्याद्रीतल्या ओढ्यांचे नव्हेत.

आता कटला-रोहूचा विषय निघालाच आहे तर ती सुनावणी सांगतो. वेळ जाईल, पण सांगतो.

घाटमाथ्याजवळच्या एका ओढ्यावर प्रकल्प येणार होता. कोणता, कोणाचा, ते महत्त्वाचं नाही. नियमाप्रमाणे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल झाला आणि जनसुनावणी लागली. मी गेलो होतो. अहवाल चांगला जाडजूड. त्यात 'जलचर' म्हणून एक प्रकरण, आणि प्रकरणात माशांची यादी. यादीच्या सुरुवातीला कटला, रोहू, मृगळ. खाली काही नावं अशी, की ते मासे गंगेच्या खोऱ्यात सापडतात, कृष्णेच्या खोऱ्यात त्यांचा मागमूस नाही. स्पेलिंगच्या चुका सुद्धा अशा, की दुसऱ्या कुठल्या तरी अहवालातून जशाच्या तशा उतरवलेल्या दिसत होत्या. आणि शेवटी वाक्य, 'प्रकल्पक्षेत्रात कोणतीही संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही.'

पाहणी कधी केली, तर मे महिन्यात. मे महिन्यात घाटातला ओढा म्हणजे काय असतो, तुम्ही सांगा. चार डोह आणि मध्ये तापलेले दगड. त्या दिवसांत मासे डोहाच्या तळाला, कपारीत असतात. रात्री कोणी पाणी पाहिलं नाही, पावसाळ्यात कोणी आलं नाही. मग आढळणार काय? जे शोधलंच नाही ते आढळलं नाही, हे खरंच आहे.

मंडपात मागे बायका बसल्या होत्या. त्यातल्या एक मावशी उठल्या. ओढ्यावर मासे धरून आठवडी बाजारात विकणाऱ्या. त्यांनी विचारलं, "साहेब, यात आमचा मळ्या कुठं हाय?" आणि मग बोटावर मोजत नावं घेतली. मळ्या, कोळस, वाम, शिंगटी, मरळ. कोणता कुठल्या डोहात, कोणता कुठल्या पावसात चढतो, कोणाच्या पोटात गाभोळी कधी भरते. व्यासपीठावर कोणाला एकही नाव लिहून घ्यावंसं वाटलं नाही. नंतर इतिवृत्त आलं, त्यात त्यांच्या सगळ्या बोलण्याची एक ओळ झाली होती, 'स्थानिकांनी मासेमारीबाबत हरकत नोंदवली.'

मला तेव्हाही राग आला आणि आज सांगतानाही येतो. त्या मंडपातली सगळ्यात चांगली जीवशास्त्राची माहिती त्या बाईंकडे होती, आणि ती कागदावर आलीच नाही.

मळ्या ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. बोटभर, जास्तीत जास्त वीतभर मासा. तो उलटा करून तळहातावर घ्या. हनुवटीखाली एक गोल, जाडसर चकती दिसेल. त्या चकतीने तो दगडाला चिकटतो. धबधब्याच्या पाण्यात, जिथे आपला पाय ठरत नाही, तिथे हा दगडावरचं शेवाळ खरवडून खात असतो. पहिल्या पावसात ओली भिंत चढून वर जाताना मी त्याला पाहिलाय. धरणाची भिंत मात्र त्याला चढता येत नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे वेगवान पाण्यासाठीच घडलेले जीव खूप आहेत. देवळालीजवळच्या दारणा नदीतून 1938 मध्ये वर्णन झालेला एक लहान मासा आहे, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी. लाल यादीत अतिसंकटग्रस्त. नाशिकच्या किती लोकांना माहीत आहे, की जगात फक्त आपल्या जिल्ह्यातून नोंदला गेलेला मासा आहे? घाटातल्या ओल्या कड्यांवर क्रेम्नोकॉन्कस नावाच्या गोगलगायी असतात, त्यांचं सगळं गोत समुद्रकिनाऱ्यावर राहतं, हे एकच कुळ सह्याद्रीच्या धबधब्यांवर येऊन गोड्या पाण्यातलं झालंय. भारतात कुठेही गेलात तरी सह्याद्री सोडून त्या दिसायच्या नाहीत.

अध्यक्ष महाराज घड्याळ दाखवतायत. बरोबर आहे, मुख्य विषय राहिलाय. पटापट घेतो.

लाल यादी ही आययूसीएन या निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या जागतिक संस्थेची, 1964 पासूनची. एखादी प्रजाती धोक्यात आहे असं कोणाच्या कळवळ्यावर ठरत नाही, त्याला मापं आहेत. मुख्य मापं अशी. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा तेवढ्यात, संख्या किती घटली. तीस टक्क्यांची घट असेल तर असुरक्षित, पन्नास टक्के असेल तर संकटग्रस्त, ऐंशी टक्के असेल तर अतिसंकटग्रस्त. दुसरं, ती किती क्षेत्रात पसरली आहे. शंभर चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि तिथली परिस्थिती बिघडत असेल, तर अतिसंकटग्रस्त. पाच हजारांच्या आत संकटग्रस्त, वीस हजारांच्या आत असुरक्षित. बाकीची मापं मुख्यतः अगदी कमी उरलेल्या संख्येची आहेत. एक जरी माप लागू पडलं तरी पुरतं.

पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांचं असं मूल्यमापन 2011 मध्ये झालं. मासे, चतुर, शिंपले-गोगलगायी, पाणवनस्पती, मिळून 1,146 प्रकार तपासले. साधारण 16 टक्के धोक्यात निघाले. नुसते मासे पाहिले तर प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं. जगाचा आकडा 2025 च्या जानेवारीत आला, मासे, चतुर आणि खेकडे-झिंगे यांच्या तेवीस हजारांहून जास्त प्रजातींपैकी 24 टक्के धोक्यात.

पण आज मला बोट ठेवायचंय ते दुसऱ्याच रकान्यावर. 'माहिती अपुरी'. ज्यांच्याबद्दल काहीच ठरवता येत नाही त्यांना तिथे ठेवतात. कार्यालयात हा रकाना 'धोका नाही' असा वाचला जातो. हे साफ चूक आहे. माहिती अपुरी म्हणजे कोणी पाहिलेलं नाही, आणि एखादा मासा त्या रकान्यात असतानाच संपून जाऊ शकतो. दुसरी चूक याच्या उलट. आपला खडशी आधी 'संकटग्रस्त' होता, नंतरच्या मूल्यमापनात 'किमान चिंतेचा' झाला, कारण आता तो पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून तुमच्या नदीतला खडशी सुखात आहे असं होत नाही. जागतिक यादी तुमच्या ओढ्यावर येऊन बघत नाही. ते गावानेच बघायला हवं.

त्यासाठी दोन गोष्टी हातात आहेत. एक, जैवविविधता कायदा, 2002 चा. त्याने गावोगाव समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली. बऱ्याच गावांत ती वही भरलेली आहे आणि कपाटात आहे. तिच्यात ओढ्यातले मासे तारखेनिशी घाला. त्याच कायद्याचा चांगला उपयोग आंबोलीत झाला. 2020 मध्ये हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडातून एका नव्या माशाचं वर्णन झालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. ओळख पटली, कागद झाला, संरक्षण आलं. वर्षभरात.

दोन, देवाचे डोह. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीच्या पुढ्यात. तिथे महसीर लोकांच्या हातून कुरमुरे खातात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. वाडा गावाजवळ वैतरणा नदीवर तिळसे आहे, तिथेही असाच डोह. आपल्या पूर्वजांनी राखलेल्या या जागा आहेत, त्यांचा मला अभिमान वाटतो. पण डोह राखला आणि वरचा ओढा अडवला, तर मासा अंडी घालायला जाणार कुठे? वळगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात जे मासे चढतात, ते पोटात अंडी घेऊन चढतात. समुद्रात जून-जुलैमध्ये बोटी बंद ठेवतो, मग ओढ्यांवर पहिल्या मोठ्या पावसाचे आठ दिवस तरी पाग आणि जाळी थांबवायला काय हरकत आहे? आणि सुरुंग, विष, ब्लीचिंग पावडर यांना तर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. तक्रार करा, पोलिसांत करा.

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, आनंद आहे. नदीच्या माशालाही कधी तरी तसा मान मिळावा असं मला मनापासून वाटतं.

चिठ्ठी आली आहे, थांबतो. दाराजवळच्या टेबलावर नोंदीच्या कोऱ्या पानांचे गठ्ठे ठेवलेत. रकाने साधे आहेत, तारीख, डोहाचं किंवा ओढ्याचं गावात चालतं ते नाव, माशाचं स्थानिक नाव, किती मिळाले, सर्वांत मोठा किती बोटांचा, पोटात अंडी होती का. फोटो काढलात तर माशाच्या एका बाजूचा आणि पोटाकडचा असे दोन काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा. ज्यांच्या घरात मासे धरणारी माणसं आहेत त्यांनी पानं त्यांच्या हातात द्या, आणि लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलांना शेजारी बसवा. पावसाला अजून वेळ आहे, पहिली वळगण चुकवू नका. आता प्रश्न घेऊ.