गच्चीवरची पवनचक्की, सायकलची मोटर

(दृश्य: पाती आणि शेपूट काढलेलं जनित्र टेबलावर. नावपट्टी जवळून.)

गच्चीवर पडून असलेल्या छोट्या पवनचक्कीचं हे जनित्र. याचीच सायकलची मोटर करायची आहे. नावपट्टीवर 24 व्होल्ट, 400 वॅट. त्याखाली बारीक अक्षरांत, हे वॅट ज्या वाऱ्याला मिळतात त्याचा वेग: सेकंदाला 12.5 मीटर. म्हणजे ताशी 45 किलोमीटर. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. त्यामुळे वारा सेकंदाला 4 मीटरवर आला की हेच यंत्र जेमतेम 13 वॅट देतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभ्या केलेल्या छोट्या पवनचक्क्या नुसत्याच गरगरतात त्या यामुळे. सोलर पॅनेल स्वस्त झाल्यावर मोडलेलं पातं बदलण्याच्या भानगडीतही फारसं कुणी पडत नाही.

आतला ऐवज मात्र चांगला असतो. कायमचे चुंबक, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचे तीन संच (तीन फेज), दोन बेअरिंग. फिरवलं तर वीज, वीज दिली तर फिरणं. 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्रामच्या एका डायनमोची वीज दुसऱ्याला देऊन तो मोटरसारखा पळवून दाखवला होता. तत्त्व इतकं जुनं आहे. घोडं अडतं ते वायंडिंगच्या, म्हणजे या वेटोळ्यांच्या हिशेबात. म्हणून आधी मोजमाप, मग वेल्डिंग.

(दृश्य: लेथच्या चकमध्ये जनित्राचा शाफ्ट, बाजूला मल्टिमीटर.)

बऱ्याच जनित्रांतून लाल आणि काळी अशा दोनच तारा बाहेर येतात, कारण एसीची डीसी करणारा सहा डायोडचा रेक्टिफायर बॉडीतच असतो. तो लगेच तोडू नका, मापाला कामाला येतो. दोन तारांवर 100 मायक्रोफॅरडचा, 100 व्होल्टचा कपॅसिटर लावायचा आणि शाफ्ट लेथवर मिनिटाला 300 फेऱ्यांनी फिरवायचा. मीटरवर 18.1 व्होल्ट आले, तर डायोडमध्ये गेलेला साधारण एक व्होल्ट मिळवून 19.1. 300 ला 19.1 ने भागलं की दर व्होल्टला मिनिटाला 15.7 फेरे. या यंत्राची सगळी कुंडली या आकड्यात आहे.

36 व्होल्टच्या बॅटरीवर ही मोटर रिकामी 565 फेरे घेईल, भाराखाली 500 च्या आसपास. 26 इंची चाकाचा घेर सुमारे 2.07 मीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटरला चाक मिनिटाला 201 फेरे घेतं. मोटरवर 18 दात आणि चाकावर 44 दात ठेवले तर गुणोत्तर 2.44 येतं आणि हिशेब जुळतो. हे दोन्ही आकडे साध्या सायकलचेच आहेत: मागचं फ्रीव्हील (एकाच दिशेला पकडणारं, उलट दिशेला मोकळं फिरणारं दातेरी चक्र) 18 चं, पायडलजवळची चकती 44 ची. कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात.

नावपट्टीवर 12 व्होल्ट असेल तर फेरे साधारण दुप्पट होतात. मग एका टप्प्यात एवढा वेग उतरवणं अवघड, मधे आणखी एक जोडी लागते. 48 व्होल्टचं जनित्र उलट फार मंद. त्याचा स्टार जोड (तिन्ही फेजची एकेक टोकं एका सांध्यात) उघडून डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण) केला की फेरे 1.73 पटीने वाढतात. पण स्टारचा सांधा वार्निशखाली, वायंडिंगच्या दोरीत बांधलेला असतो. तो सोडवताना बाजूच्या तारेचं इनॅमल खरवडलं जातं. असल्या कामाचा सराव असलेल्या वायंडिंगवाल्याकडूनच करून घ्या.

दुसरं माप रेझिस्टन्सचं. रेक्टिफायर काढल्यावर कुठल्याही दोन फेजमधून 2 अँपिअर सोडायचे आणि व्होल्टेज बघायचं. 1.2 व्होल्ट दिसले तर 0.6 ओहम. एवढं लहान मूल्य नुसत्या मल्टिमीटरवर भरवशाचं येत नाही. हे माप टाळणाऱ्यांच्याच मोटरी जळतात. सायकल आणि माणूस मिळून 100 किलो धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी 25 ला साधारण 25 न्यूटनचा जोर लागतो. त्याला मोटरमधून 6 अँपिअर जातात आणि तांब्यात 20 ते 25 वॅटची उष्णता होते. शंभर मीटरला पाच मीटर चढ आला की वेग उतरूनही 55 न्यूटन, 12 अँपिअर, आणि उष्णता थेट 85 ते 90 वॅट. उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. शिवाय खांबावर असताना बॉडीवर सतत वारा असायचा, इथे ती कॅरिअरखाली दडलेली. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या वर कायमचा अशक्त होऊ लागतो. तेव्हा घाटाचं काम या मोटरचं नाही.

(दृश्य: बॉडी उघडून डायोडची चकती काढताना.)

आता रेक्टिफायर कापून तिन्ही फेज बाहेर काढायच्या. खांबावर गोल फिरण्यासाठी असलेल्या स्लिप रिंग (फिरत्या सांध्यातून वीज नेणाऱ्या कड्या) आणि त्यांवर टेकणारे कार्बनही काढून टाका, तारा थेट न्या. काही जनित्रांना वादळात थांबवण्यासाठी फेज एकमेकींना जोडणारा ब्रेक-स्विच असतो. तो राहिला आणि चुकून दाबला गेला, तर कंट्रोलरच्या (बॅटरीची वीज तिन्ही फेजना आळीपाळीने देणाऱ्या पेटीच्या) मॉस्फेटची, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचांची राख.

कंट्रोलर हॉल सेन्सरशिवाय (चुंबक कुठे आहेत ते सांगणाऱ्या सेन्सरशिवाय) चालणारा, 36 व्होल्टचा, बॅटरीकडून 10 अँपिअरच घेणारा निवडा. स्वस्त कंट्रोलरमधली मर्यादा बॅटरीच्या अँपिअरवर असते, मोटरच्या नव्हे. चढावर मोटरचा वेग निम्म्यावर आला की फेजमधून दुप्पट, म्हणजे 20 अँपिअर जाऊ शकतात. 0.6 ओहमवर ते 240 वॅट झाले. म्हणून 15 किंवा 20 अँपिअरवाल्याच्या मोहात पडू नका. तापल्यावर जुळणारा, 80 अंशांचा थर्मल स्विच वायंडिंगच्या टोकाला बांधायचा आणि ब्रेक कट-ऑफच्या (ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या) दोन तारांना समांतर जोडायचा. बहुतेक कंट्रोलरमध्ये त्या तारा जुळल्या की पुरवठा तुटतो, पण आपल्याकडचा तसाच आहे ना, हे आधी पाहा.

(दृश्य: मागचं चाक, डावी बाजू. चकतीचे बोल्ट आवळताना.)

खरी मेहनत इथे आहे. पायडलची चेन उजवीकडे, म्हणून मोटर डावीकडे. साधं फ्रीव्हील चाकाच्या डाव्या अंगाला चालत नाही, त्याची पकड उलटी पडते. मात्र तेच फ्रीव्हील, तोंड बाहेर ठेवून, मोटरच्या शाफ्टवर डावीकडे बसवलं की बरोबर चालतं. कारण तिथे आतला भाग बाहेरच्याला ओढतो. भार आला की आटेही आवळत जातात, सुटत नाहीत. त्यासाठी लेथवर बुश (शाफ्ट आणि फ्रीव्हील यांच्यामधली नळी) बनवावा लागतो: बाहेरून 1.37 इंच, इंचाला 24 आटे, आतून शाफ्टच्या मापाचं भोक आणि की-वे (चावी बसण्याची खाच). नुसत्या ग्रब स्क्रूवर (आडव्या, बिनडोक्याच्या स्क्रूवर) विसंबू नका, झटक्यात घसरतो. दातांची ओळ बेअरिंगपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत हवी. पवनचक्कीच्या शाफ्टने आजवर पात्यांचा रेटा सोसलाय, चेनची आडवी ओढ त्याला नवी आहे.

44 ची चकती चाकावर पक्की. रबराच्या दोन चकत्यांमध्ये स्पोक धरून 9 बोल्टनी आवळायची. चाक फिरवून बघा: चकती अर्ध्या मिलिमीटरहून जास्त डुलत असेल तर चेन प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणते, एकदा सैल पडते आणि शेवटी उतरते. मोटरची पट्टी 40 बाय 5 मिलिमीटरची, तिला लांबट भोकं, म्हणजे चेन ताणता येते. मध्यावर 10-12 मिलिमीटर ढील ठेवा.

फ्रीव्हील मोटरवर असल्याचे दोन फायदे. मोटर बंद असताना चुंबकांची ओढ पायाला लागत नाही. आणि बिनसेन्सरचा कंट्रोलर उभ्या सायकलला ढकलताना नेहमी अडखळतो, तसं इथे होत नाही: आधी पायडल मारून सायकल चालती करायची, मोटर रिकामीच वेग घेते आणि मग चेन पकडते. पकडताना धक्का बसतो, म्हणून कंट्रोलरमध्ये सॉफ्ट स्टार्ट (जोर हळूहळू वाढवण्याची सोय) हवाच. नाहीतर फ्रीव्हीलचे कुत्रे (आत पकड घेणारे छोटे खटके) तुटतात. ब्रेक लावून वीज परत मिळवणं यात जमत नाही. एवढ्या वेगाला त्याची हळहळ वाटण्याचं कारण नाही.

पहिली चाचणी चाक उचलून, 5 अँपिअरच्या फ्यूजवर. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.

कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची क्षमता 250 वॅटपेक्षा कमी हवी, ताशी 25 किलोमीटरला किंवा पायडल थांबताच मोटरची मदत तुटायला हवी, आणि बॅटरी वगळून सायकलचं वजन 60 किलोंच्या वर नको. तरच ती मोटार वाहन ठरत नाही. म्हणून पायडल सेन्सर लागतो. भरलेली बॅटरी 42 व्होल्ट देते तेव्हा हीच मोटर जास्त पळते, तर कंट्रोलरची वेगमर्यादेची वायरही जोडायची.

हे जनित्र सहज 5-6 किलोंचं भरतं, बाजारातली 250 वॅटची गिअरवाली हब मोटर त्याच्या निम्म्याची. जनित्र मुद्दाम विकत घेऊन हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. गच्चीवर पडून असेल तर जरूर करा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर त्या 9 बोल्टना पुन्हा पाना लावा, कारण रबर दबतं. त्याच वेळी स्पोकही तपासा.