फियॉर्डची सफर निवडताना आधी घड्याळ पाहा

नमस्कार श्रोतेहो.

नॉर्वेच्या फियॉर्डची, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांची, सफर हल्ली पुण्या-मुंबईतच नव्हे, सांगली-नाशिकच्या घरांतही चर्चेला येते. माहितीपत्रक हातात पडतं. त्यावर निळंशार पाणी, दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मध्ये पांढरी बोट असते, आणि खाली बंदरांची यादी: स्टावांगर, बर्गेन, फ्लॉम, गेइरांगर, ऑलेसुंड, ट्रॉम्सो, नॉर्थ केप. ज्या पत्रकात नावं जास्त, ती सफर चांगली, असा हिशोब आपण नकळत करतो. आज मी तुम्हाला वेगळा हिशोब सुचवणार आहे. या किनाऱ्यावरचं सगळ्यात देखणं जे आहे, ते बहुतेक वेळा दोन बंदरांच्या मधल्या पाण्यात आहे. बोट तिथून दुपारी जाते की तुम्ही झोपेत असताना, आणि त्या वेळी बाहेर उजेड असतो का, एवढं आधी तपासा. बाकीचं सगळं त्यानंतर.

फियॉर्ड आणि उत्तर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच समजून घेऊ. नावाजलेले फियॉर्ड नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहेत, स्टावांगरपासून ऑलेसुंडपर्यंत. रात्रीही न मावळणारा मध्यरात्रीचा सूर्य, काळोख्या आकाशात झळकणारा रंगीत ध्रुवप्रकाश, लोफोटेन बेटं हे सारं आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडचं, म्हणजे साडेसहासष्ट अंशांच्या वरचं. बर्गेन साठाव्या अक्षांशाच्या जरासं वर आहे आणि नॉर्थ केप एकाहत्तराव्या. हॅम्बुर्ग किंवा साउथॅम्प्टनहून निघणारी आठवड्याची क्रूझ साधारण फियॉर्ड दाखवून परत फिरते. त्याच आठवड्यात ‘उत्तरही’ दाखवतो असं कोणी म्हणत असेल, तर बोट बहुतांश काळ नुसती समुद्र कापत राहणार हे नक्की समजा. म्हणून पहिला प्रश्न घरात एकमेकांना विचारा: आपल्याला कडे आणि धबधबे हवेत की उत्तरेचा प्रकाश? दोन्ही हवं असेल तर दहा-बारा दिवस हाताशी ठेवा.

आता फियॉर्डमध्ये बोट इतकी आत, इतकी कड्यालगत कशी जाऊ शकते ते सांगते, कारण निवडीशी त्याचा थेट संबंध आहे. आपल्या दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत आत शिरावं तसं पाणी उथळ होत जातं, गाळ लागतो. फियॉर्डचं उलटं आहे. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगरांतल्या दऱ्या खरवडून खोल केल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र शिरला. हिमनदी जिथे समुद्राला भेटून पातळ झाली, तिथे तिची खरवडण्याची ताकद कमी पडली, म्हणून बऱ्याच फियॉर्डच्या तोंडाशी तळ उंच आणि आत प्रचंड खोली. सोग्नेफियॉर्ड दोनशे किलोमीटरहून अधिक आत जातो आणि त्याची खोली तेराशे मीटरच्या आसपास आहे. कडे पाण्याखालीही तसेच सरळ उतरतात. त्यामुळे खोली मोठ्या बोटीला आडवी येत नाही, आडवी येते ती रुंदी. सोग्नेफियॉर्डची एक शाखा म्हणजे नॅरॉयफियॉर्ड. तो एका जागी फक्त अडीचशे मीटर रुंद आहे. तिथे तीन-चार हजार प्रवाशांच्या बोटीला वळायला जागा कुठली? ती शेजारच्या आउरलंड शाखेतून फ्लॉमच्या धक्क्याला लागते आणि तिथूनच माघारी जाते. पत्रकात ‘सोग्नेफियॉर्ड’ लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं, पण त्यातला सगळ्यात अरुंद, सगळ्यात दाटलेला भाग तुमच्या वाट्याला येत नाही.

नॅरॉय आणि गेइरांगर हे दोन फियॉर्ड 2005 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यानंतर त्यांच्या हवेची काळजी सुरू झाली. दोन्ही बाजूंना हजार मीटरचे कडे असले की धुरांड्यातून निघालेला धूर वर जात नाही, तिथेच दरीत तरंगत राहतो. गावात राहणारी माणसं थोडी, आणि उन्हाळ्यात एकेका दिवशी हजारो पाहुणे. नॉर्वेच्या संसदेने 2018 मध्ये ठराव केला की या फियॉर्डमध्ये शून्य-उत्सर्जन जहाजंच यावीत. प्रत्यक्ष नियम झाला तो असा: दहा हजार टनांपेक्षा लहान प्रवासी जहाजांना 2026 पासून, मोठ्यांना 2032 पासून. मला हा नियम मनापासून पटतो. आपण ज्या हवेसाठी इतक्या लांब जातो, ती आपल्याच बोटीने काळी करावी यात काही अर्थ नाही. तेव्हा सफर ठरवताना बोट फियॉर्डमध्ये कोणत्या इंधनावर चालते हे विचारायला संकोच करू नका. बॅटरीवर चालणाऱ्या बोटी तिथे आज खरोखर आहेत. त्यांचा आणखी एक लाभ कानांना होतो. इंजिनाची घरघर नसते, आणि धबधब्याचा आवाज डेकपर्यंत पोहोचतो.

माझी स्वतःची पसंती किनारी टपालबोटीच्या मार्गाला आहे. 1893 च्या जुलैमध्ये रिशार्ड विथ या कप्तानाने ‘वेस्टेरालन’ नावाची आगबोट ट्राँडहाइमहून हामरफेस्टला नेली. हिवाळ्याच्या अंधारात, खडकांनी भरलेल्या किनाऱ्याने, ठरलेल्या वेळेवर टपाल आणि माणसं न्यायची, असं काम तोवर अशक्य मानलं जात होतं. त्याच सेवेचं नाव हुर्टिगरूटेन. आज हा मार्ग हुर्टिगरूटेन आणि हाविला अशा दोन कंपन्या मिळून चालवतात. बर्गेनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरं, जाऊन-येऊन बारा दिवस. या बोटींवर जलतरण तलावांचा आणि नाचगाण्यांचा थाट शोधू नका. वाटेत गावकरी चढतात-उतरतात, माल उतरवला जातो, काही बंदरांत बोट जेमतेम पंधरा-वीस मिनिटं थांबते. तुम्ही तिथल्या लोकांच्या रोजच्या रस्त्याने चाललेले असता, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

पण इथेच वेळापत्रक डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. पुष्कळ जण फक्त जातानाचा टप्पा, बर्गेन ते किर्केनेस, घेतात आणि विमानाने परततात. जाताना गेइरांगर मिळतो, तोही तिथल्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याऐवजी बोट यॉरुंडफियॉर्डमध्ये वळते, आणि तो कमी गाजलेला असला तरी शिखरांच्या बाबतीत जराही उणा नाही. चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं. लोफोटेनला बोट संध्याकाळी लागते, आणि त्यापुढचा राफ्टसुंड हा चिंचोळा जलमार्ग जवळजवळ मध्यरात्रीचा. जूनमध्ये काही बिघडत नाही, कारण रात्रच नसते. सप्टेंबरनंतर मात्र तो सगळा काळोखात जातो.

येताना चित्र पालटतं. जी गावं जाताना रात्री लागली ती येताना दिवसा लागतात. वेस्टेरालन बेटांमधून आणि राफ्टसुंडमधून बोट दुपारनंतर जाते. पुढे ‘सात बहिणी’ नावाची डोंगररांग आणि आरपार भोक असलेला टोरघाटेन डोंगर दिवसाउजेडी दिसतो. म्हणून पैशांच्या किंवा रजेच्या कारणाने एकच बाजू घ्यायची असेल, तर उन्हाळ्यात जातानाची घ्या आणि शरदात येतानाची. किर्केनेसला विमानाने जाऊन तिथून दक्षिणेकडे यायचं, हे फारसं कोणी सुचवत नाही. मी आवर्जून सुचवते.

आणि ज्या सोग्नेफियॉर्डबद्दल मी इतकं बोलले, तो या किनारी मार्गावर नाहीच. बोट त्याच्या तोंडावरून रात्रीतून निघून जाते. त्यावर उपाय सोपा आहे. बोट पकडण्याआधी दोन दिवस जमिनीवर घालवा. ओस्लोहून बर्गेनला जाणारी रेल्वे सुमारे सात तासांची आहे. मिर्डाल स्थानकावर उतरून फ्लॉमची वीस किलोमीटरची डोंगरी रेल्वे धरा. ही रेल्वे समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरहून अधिक उंचीवरून थेट फियॉर्डच्या काठाशी उतरते. फ्लॉमहून गुडवांगेनला विजेवर चालणारी बोट सुमारे दोन तासांत नेते, आणि ती नॅरॉयफियॉर्डच्या अगदी पोटातून जाते. मोठ्या क्रूझच्या प्रवाशाला जे मिळत नाही ते इथे साध्या तिकिटात मिळतं. पुढे बसने व्हॉस, रेल्वेने बर्गेन, आणि संध्याकाळी टपालबोट. फियॉर्ड आणि उत्तर यांची इतकी चांगली जोडणी मला दुसरी माहीत नाही.

आता तारखांचं बोलू. महाराष्ट्रात मुलांच्या सुट्टीप्रमाणे घरातली सफर ठरते, म्हणजे मे किंवा दिवाळी. मे महिना फियॉर्डसाठी उत्तमच. माथ्यावर बर्फ असतं, ते वितळत असतं, त्यामुळे धबधब्यांना भरपूर पाणी असतं. गेइरांगरमधल्या ‘सात बहिणी’ या धबधब्याच्या साती धारा पाहायच्या तर हेच दिवस. हार्डांगरफियॉर्डच्या काठी सफरचंदाच्या बागाही मेमध्येच फुलतात. पण मध्यरात्रीच्या सूर्यासाठी नीट मोजून जा. नॉर्थ केपला तो 14 मे ते 29 जुलै दिसतो, ट्रॉम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै. पाच मेला पोहोचलात तर रात्र उजळ असेल, पण सूर्य मावळेल. शिवाय किनारी बोट नॉर्थ केपजवळच्या होनिंग्सवॉगला जाताना भर दिवसा थांबते. त्या कड्यावर उभं राहून मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल, तर रात्रभर तिथे थांबणारी क्रूझ शोधावी लागते किंवा होनिंग्सवॉगला मुक्काम करावा लागतो. बोटीच्या डेकवरून मात्र तो दिसू शकतो, आकाश मोकळं असलं की.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी धबधब्यांचा विचार सोडून द्यावा आणि ध्रुवप्रकाशाचा धरावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ट्रॉम्सोत पाच-सहा तासांचा दिवस असतो. म्हणजे थोडं पाहायला उजेडही मिळतो आणि आकाशाकडे बघायला लांबलचक रात्रही. ध्रुवप्रकाशाची हमी कोणाच्याही हातात नाही. ढग आले की संपलं. म्हणून आर्क्टिक वृत्ताच्या वर जितक्या रात्री मिळतील तितक्या घ्या. एकच रात्र ट्रॉम्सोत आणि बाकी चार दक्षिणेला, असा कार्यक्रम कोणी देत असेल तर नको म्हणा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो. फार सुंदर असतो, पण लहान मुलांना आणि ज्येष्ठांना सतत अंधाराचा शीण येऊ शकतो.

समुद्र लागण्याची भीती पुष्कळांना असते. फियॉर्डच्या आत पाणी बहुतेक शांत. बेटांच्या आडोशानेही फारसं जाणवत नाही. त्रास होतो तो मोकळ्या टप्प्यांत: स्टाड या भूशिराजवळ, हुस्टाडविकात, लोफोटेनकडे नेणाऱ्या वेस्टफियॉर्डमध्ये आणि पार उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात. नाव ऐकून फसू नका, वेस्टफियॉर्ड चांगला रुंद, उघडा समुद्र आहे. मार्च 2019 मध्ये हुस्टाडविकात वादळात एका मोठ्या क्रूझबोटीची इंजिनं बंद पडली होती आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. सगळे वाचले. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. हिवाळ्यात कप्तानाने एखादं बंदर गाळलं, तर त्याच्याशी वाद घालू नये, एवढ्यासाठी सांगते. ज्यांना मळमळ लवकर होते त्यांनी मे ते ऑगस्टमधली तारीख घ्यावी, बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, आणि खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हेही विचारून घ्यावं.

याहूनही उत्तरेला स्वालबार्ड हा बेटांचा समूह आहे, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी अंशांवर. तिथल्या न्यू-ऑलेसुंडला भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र 2008 पासून आहे. तिथे जायचं तर लहान बोटीनेच जावं. 2025 च्या जानेवारीपासून संरक्षित भागांत दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजांना बंदी आहे, आणि ध्रुवीय अस्वलापासून किमान तीनशे मीटर, मार्च ते जून पाचशे मीटर लांब राहावं लागतं. खर्च बराच येतो. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, पण मोठ्या बोटीने लॉन्गयिअरब्येन या तिथल्या मुख्य गावाच्या धक्क्याला लागून परत यायचं, याला स्वालबार्ड पाहिलं असं मी म्हणणार नाही.

शेवटी व्हिसा, कारण मार्गाची निवड इथे अनेकदा बदलते. नॉर्वेला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. बर्गेनहून चढून बर्गेनला उतरलात तर तेवढा एक पुरतो. साउथॅम्प्टनहून निघणाऱ्या बोटीसाठी ब्रिटनचा व्हिसाही हवा. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेन क्षेत्राबाहेर. तिथून ओस्लोला परतणं म्हणजे पुन्हा प्रवेश, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागा. ग्रीनलंड आणि फॅरो बेटंही शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा समावेश असलेली सफर घेतलीत तर अर्जातच तसं नमूद करा. मे महिन्याच्या सफरीसाठी भेटीची वेळ जानेवारी-फेब्रुवारीतच पाहून ठेवा, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मुंबई-पुण्यातल्या केंद्रांवर गर्दी होते. आणि बोट सुटण्याच्या दिवशीच बर्गेनला पोहोचणारं विमान घेऊ नका. एक रात्र आधी पोहोचा. बर्गेनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. ब्रिगेन धक्क्यावरची जुनी लाकडी घरं तेवढ्या वेळात पायी बघून होतात.

नमस्कार.