कस्तुराच्या मागे ससाणा

[दृश्य: अंधारं गॅरेज. शेजारी शेजारी उभ्या दोन मोटरसायकली. वरून एकच दिवा.]

डावीकडची काळी गाडी आधी बघा. होंडा सीबीआर ११०० एक्सएक्स, सुपर ब्लॅकबर्ड. नाक टोकदार, अंग सडपातळ, कुठे उगाच फुगलेली नाही. आता उजवीकडची. सुझुकी जीएसएक्स १३०० आर, हायाबुसा. हिला पहिल्यांदा पाहणारा माणूस जरा थबकतोच. नाक बसकं, खांदे सुजल्यासारखे, सीटच्या मागे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. सुझुकीनं गाडीचं नाव ठेवलं हायाबुसा, आणि बघणाऱ्यांनी तिला नावं ठेवली.

या दोघी बाजारात आल्या त्यात जेमतेम तीन वर्षांचं अंतर. पण तेवढ्यात रस्त्यावरच्या मोटरसायकलीनं ताशी ३०० किलोमीटरची रेष ओलांडली. ती ओलांडली कशी, आणि त्यासाठी काय सोडून द्यावं लागलं, हे बघायचं तर या दोन गाड्या अशाच शेजारी शेजारी लावाव्या लागतात.

[दृश्य: ब्लॅकबर्डच्या टाकीवरचं नाव, जवळून.]

गोष्ट सुरू होते कावासाकीपासून. १९९० मध्ये आलेली झेडझेड-आर ११०० पुढची पाच-सहा वर्षं दुकानात मिळणारी जगातली सर्वांत वेगवान गाडी होती. होंडासारख्या कंपनीला हे बोचत होतं. १९९६ मध्ये त्यांनी उत्तर दिलं: ११३७ सीसी, एका ओळीत चार सिलिंडर, कंपनीच्या आकड्यांनुसार १६४ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) ताकद. चाचण्यांमध्ये ही गाडी ताशी सुमारे २८७ किलोमीटरपर्यंत गेली आणि कावासाकीचा मुकुट निघाला.

नाव घेतलं ते पक्ष्याचं नव्हे, विमानाचं. लॉकहीडचं एसआर-७१ ब्लॅकबर्ड, अमेरिकेचं टेहळणी विमान. जुलै १९७६ मध्ये त्यानं ताशी ३५२९ किलोमीटरचा विक्रम केला. गाडीला असं नाव देणं म्हणजे थोडी बढाईच, पण होंडानं ती पेलली.

सुझुकीनं मात्र त्या नावातला पक्षी पाहिला. ब्लॅकबर्ड म्हणजे युरोपातला काळा कस्तूर. आणि हायाबुसा म्हणजे जपानीत बहिरी ससाणा. आभाळातून सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणारा, आणि कस्तुरासारखे पक्षी हवेतल्या हवेत उचलणारा. याला योगायोग म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

[दृश्य: ब्लॅकबर्डचं पुढचं चाक. कॅमेरा डाव्या कॅलिपरवर थांबतो.]

तर हरलेल्या गाडीपासून सुरुवात करू. ती हरली म्हणून तिच्याकडे कोणी नीट बघत नाही.

हा पुढचा डावा ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरणारा चिमटा. ब्रेक लावला की तो किंचित हलतो. सैल आहे म्हणून नव्हे, तो हलावा अशीच त्याची बांधणी आहे. हातातला लिव्हर दाबला की कॅलिपरमधल्या तीनपैकी दोन पिस्टनांवर दाब येतो, पॅड डिस्कला धरतात, आणि फिरती डिस्क त्या कॅलिपरला स्वतःबरोबर ओढू बघते. त्या ओढीनं इथला हा छोटा सिलिंडर दाबला जातो, आणि त्याचं ऑइल मागच्या ब्रेकला जातं. म्हणजे तुम्ही दाबला फक्त पुढचा ब्रेक, पण मागचाही लागला. पायानं मागचा दाबलात तर पुढचाही थोडा लागतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. चाकाच्याच जोरावर चाललेला हिशेब.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. ज्यांना दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावायची सवय, ते कुरकुरले. मेकॅनिक तर आजही कुरकुरतात, कारण या ब्रेकमधली हवा काढायची म्हणजे अख्खा दिवस घालवायची तयारी हवी. पण पावसात, घाबरून, एकदम ब्रेक दाबणाऱ्या माणसाचा विचार होंडानं केला होता, हे मान्य करावंच लागतं.

इंजिनातही हाच स्वभाव. एका ओळीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरच्या अर्ध्या प्रवासात थोडे जास्त वेगानं धावतात, खालच्या अर्ध्यात कमी. हा फरक एकमेकांत मिटत नाही. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, एकदा फिरेपर्यंत इंजिन दोनदा झटका देतं, आणि तो झटका हँडलमधून हाताच्या बोटांत उतरतो. दोन तास चालवल्यावर बोटं बधिर होतात ती यामुळे. होंडानं या इंजिनात दोन बॅलन्सर शाफ्ट घातले, क्रँकच्या दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे. झटका आतल्या आत जिरतो. मग इंजिनाला खाली रबर लावायची गरज उरत नाही, ते थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बोल्ट करता येतं आणि चासीचाच भाग बनून तिला ताठ ठेवतं. ब्लॅकबर्ड चालवलेला माणूस पहिली गोष्ट सांगतो ती वेगाची नसते. तो म्हणतो, गाडी लोण्यासारखी चालते.

[दृश्य: दिवा सरकतो. आता हायाबुसाचं नाक समोरून.]

आणि आता ही.

१९९८ च्या शरद ऋतूत म्युनिकच्या प्रदर्शनात सुझुकीनं ती मांडली आणि १९९९ चं मॉडेल म्हणून बाजारात आणली. इंजिन १२९९ सीसी, ताकद १७५ पीएस, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १३८ न्यूटन मीटर. कोरडं वजन, म्हणजे पेट्रोल-ऑइल न भरता, २१५ किलो, म्हणजे ब्लॅकबर्डपेक्षा ८ किलो कमी. चाचण्यांमध्ये तिनं ताशी ३०३ च्या खाली नाव घेतलं नाही, आणि काही ठिकाणी ३१२ पर्यंत गेली.

इथे जरा थांबू, कारण या आकड्यांत एक गंमत आहे. कागदावर हायाबुसाची, थोडक्यात बुसाची, ताकद ब्लॅकबर्डपेक्षा किती जास्त? ११ पीएस. म्हणजे साधारण ७ टक्के. मग एवढा वेग आला कुठून?

वाऱ्याचा हिशेब क्रूर असतो. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि त्या विरोधातून पुढे जायला लागणारी ताकद वाढते घनानं. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. आता २८७ वरून ३०३ वर जाऊन बघा. वेग वाढला साडेपाच टक्के, पण त्यासाठी ताकद लागते १८ टक्के जास्त. सुझुकीच्या हातात होते ७. तेवढ्यात ब्लॅकबर्डच्या अंगानं पळालं असतं तर गाडी २९३ वर जाऊन दमली असती.

उरलेले टक्के कुठून आणायचे? थोडे हवेकडूनच. समोर बघा, हेडलाइटचे दोन दिवे आडवे न ठेवता एकावर एक उभे ठेवलेत. ते देखणे दिसावेत म्हणून नाही. दिवे मधोमध अरुंद जागेत गेले म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना ही दोन तोंडं उघडता आली, आणि नाकाच्या मध्याजवळच हवेचा दाब सर्वांत जास्त असतो. ताशी ३०० ला तिथला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. ती दाबलेली हवा सरळ एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्यात, जाते. गॅरेजमध्ये उभी करून ताकद मोजलीत तर हे चार टक्के दिसणारच नाहीत. ते गाडी पळायला लागल्यावर मिळतात.

सात आणि चार, अकरा. अजून सात कमी पडतात. ते भरून काढले या बेढब अंगानं.

[दृश्य: कॅमेरा बाजूनं, नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश.]

समोरचं मडगार्ड चाकाला कवेत घेतं. इंडिकेटर फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, अंगातच बसवलेत, बाहेर काही लटकत नाही. खांद्यांचे हे फुगवटे रायडरच्या हातांवरून आणि गुडघ्यांवरून वारा बाजूला सारतात. आणि ज्याला सगळे हसले तो मागचा उंचवटा? रायडर टाकीवर छाती टेकून वाकला की त्याची पाठ आणि हा उंचवटा मिळून एकच रेष तयार होते. गाडीच्या मागे जी हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि गाडीला मागे ओढते, ती कमी होते. मागे कोणाला बसवायचं असेल तर हा उंचवटा काढून घरी ठेवावा लागतो. म्हणजे ही गाडी एकट्या माणसानं, वाकून चालवल्यावरच पुरी होते. सरळ बसलेला रायडर म्हणजे तिच्या दृष्टीनं उघडी छत्री.

एकदा हे कळलं की ती कुरूप दिसेनाशी होते. निदान माझं तरी तसं झालं.

[दृश्य: मोकळा रनवे. दोन्ही गाड्या एकामागून एक निघतात. काही वेळ फक्त आवाज.]

चालवायला दोघी किती वेगळ्या? वाटतं तेवढ्या नाहीत. चाकांमधलं अंतर ब्लॅकबर्डचं १४९०, बुसाचं १४८५ मिलिमीटर. पाच मिलिमीटरचा फरक. दोघी लांब, दोघी जड, दोघींना नागमोडी वळणांत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकायला खांद्यातली ताकद लागते. छोट्या ६०० सीसीच्या गाडीवरचा पोरगा अशा रस्त्यावर दोघींनाही घाम फोडेल.

फरक कळतो तो थ्रॉटल उघडताना. ब्लॅकबर्डवर वेग चढतो, पण चढला हे मीटर बघून कळतं. बुसावर तसं नाही. सहाव्या गियरमध्ये, निवांत चाललेली असताना, मनगट नुसतं वळवा. गियर पाडायची गरजच नाही. खालून, पोटातून एक ढकल येते आणि थांबत नाही. पावणेदोनशेला जिथे दुसऱ्या गाड्या धापा टाकतात, तिथे हिला नुकतीच जाग आलेली असते.

पण दिवसभराच्या, सातशे-आठशे किलोमीटरच्या प्रवासाला निघायचं असेल, मागे माणूस असेल, सामान असेल, तर माझा हात किल्लीच्या खुंटीवर ब्लॅकबर्डकडे जाईल. बुसाच्या पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत सीटखालची मागची चासी ॲल्युमिनियमची होती. मागे माणूस आणि वर सामानाचं ओझं लादल्यावर ती मोडल्याचे प्रकार घडले. २००१ पासून ती पोलादाची झाली, वजन साडेचार किलोंनी वाढलं. वजन वाचवायच्या नादात सुझुकीनं तिथे हात आखडता घेतला होता, दुसरं काय.

[दृश्य: डायलवर प्रकाश. काटा शून्यावर.]

मग युरोपात चुळबुळ सुरू झाली. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. पापणी लवेपर्यंत पंचवीस मीटर निघून गेले. अशा गाड्या रस्त्यावर नकोतच, कायद्यानं बंदी घाला, अशी भाषा कानावर यायला लागली. २००० मध्ये कावासाकी झेडएक्स १२ आर घेऊन पुन्हा मैदानात उतरली, म्हणजे शर्यत आणखी वाढणार हे दिसतच होतं. सरकारनं दांडा उगारण्याआधी कंपन्यांनीच आपसात समजुतीनं कुंपण घातलं: ३०० च्या पुढे नाही. गाडीच्या कॉम्प्युटरलाच लगाम लावला. पुढे २००७ मध्ये इटलीच्या एमव्ही ऑगुस्तानं आपल्या गाडीचं नावच एफ४ आर ३१२ ठेवून ते कुंपण उघडपणे ओलांडलं, पण तोवर त्या शर्यतीतली रग गेली होती.

ब्लॅकबर्डचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं. बुसा राहिली. २००८ मध्ये इंजिन १३४० सीसीचं झालं, ताकद १९७ पीएस. २०२१ मध्ये तिसरी पिढी आली, आणि तिची ताकद दुसरीपेक्षा कमी आहे, १९० पीएस. पेट्रोल-ऑइल भरून वजन २६४ किलो. धुराचे नियम कडक झाले त्याची ही किंमत. तिच्या इंजिनानं तर मोटरसायकलीबाहेरही संसार थाटला. रॅडिकल एसआर८ नावाच्या ब्रिटिश रेसिंग गाडीत याच इंजिनाच्या घडणीवर बेतलेलं आठ सिलिंडरचं इंजिन आहे. २००९ मध्ये त्या रेसिंग गाडीनं जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची फेरी ६ मिनिटं ४८ सेकंदांत पुरी केली.

[दृश्य: पुन्हा गॅरेज. दोन्ही गाड्या. कॅमेरा बुसाच्या डायलवर स्थिर.]

या गाडीच्या डायलवर शेवटचा आकडा आहे ३५०. हा १९९९ आणि २००० च्या गाड्यांवरच दिसतो. २००१ पासून डायल ३०० वर संपतो. त्यामुळे जुनी बुसा विकत घ्यायला आलेला माणूस आधी इंजिन ऐकत नाही. तो वाकतो, काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसतो, आणि हा आकडा बघतो.

ब्लॅकबर्ड बघायला आलेला माणूस विचारतो, किती चाललीय. लाखभर किलोमीटर, असं उत्तर आलं तर मान डोलावतो आणि किल्ली मागतो.