भोंगा, मेण आणि तीन मिनिटं : १९२३चा जॅझ कसा ऐकावा

१९२३ सालची जॅझची तबकडी पहिल्यांदा ऐकणाऱ्याची बहुधा निराशा होते. आवाज पातळ, खर्ज जवळपास नाहीच, ढोलाच्या जागी लाकडी ठोकळ्याची टकटक, आणि सगळे एकदम वाजवतायत. याच संगीताने अमेरिकेला वेड लावलं का, असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडवर लोक नाचत होते, ते संगीत असं नव्हतं. आपल्यापर्यंत आलंय ते भोंग्यातून जेवढं पार झालं तेवढंच. भोंगा काय घेतो आणि काय टाकतो हे एकदा कळलं की या तबकड्या वेगळ्याच ऐकू येतात. म्हणून आज आधी यंत्राबद्दल बोलू.

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. एक लांबलचक भोंगा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. वाजवणाऱ्याने फुंकलेल्या हवेच्या जोरावरच सुई हलायची. चकती फिरवायला बहुतेक ठिकाणी वजन असे, जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं सावकाश खाली येणारं. मेण आधी कपाटात गरम करून ठेवत. थंड राहिलं तर सुई खरवडत जाते आणि खरखर वाढते, जास्त मऊ झालं तर खाच ढासळते. म्हणून खोलीही उबदार ठेवावी लागे, आणि त्या उकाड्यात पितळी वाद्यं फुंकायची.

सगळ्यात जाचक गोष्ट अशी की मेण वाजवून ऐकता येत नसे. सुई फिरवली की खाच खराब. त्यामुळे वादकांना आपण काय वाजवलं ते तिथे ऐकताच येत नव्हतं. मेणावर ग्राफाइट चढवून, तांब्याचा थर बसवून त्याचा धातूचा साचा निघे आणि त्या साच्यावर लाखेच्या तबकड्या छापल्या जात. ती लाख बहुतांशी आपल्याकडून, छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून जात होती. चूक झाली तर नवी चकती लावून पहिल्यापासून पुन्हा. मधला तुकडा कापणं, जोडणं हा प्रकारच नाही.

आता ५ एप्रिल १९२३ला इंडियानातल्या रिचमंड गावी जाऊ. स्टार पियानो कंपनीच्या कारखान्याच्या आवारात तिच्या जेनेट या तबकड्यांचा स्टुडिओ होता. शेजारून रेल्वेचा फाटा जायचा. गाडी आली की काम बंद, गाडी गेली की चालू. कृष्णवर्णीय गायिका मेमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ची तबकडी १९२०मध्ये धडाक्यात खपली, तेव्हा कुठे कृष्णवर्णीय गिऱ्हाईक तबकड्या विकत घेतं हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. ऑलिव्हरच्या बँडला भोंग्यासमोर उभं राहायला मिळालं ते त्यामुळे. आणि याच कंपनीने त्याच दशकात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने पैसे मोजून काढून घेतलेल्या तबकड्याही छापल्या. या संगीताचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळू नये असं मला ठामपणे वाटतं.

वादक सात. ऑलिव्हर आणि लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य), ऑनरे ड्यूट्रे ट्रॉम्बोनवर, जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर, लिल हार्डिन पियानोवर, बिल जॉन्सन बँजोवर आणि बेबी डॉड्स तालवाद्यांवर. भोंगा एकच, त्यामुळे आवाजांचा तोल साधायचा तो उभं राहण्याच्या जागेवरून. मृदू वाद्य पुढे, दणदणीत वाद्य मागे. आर्मस्ट्राँगचा फुंकर इतका भरदार की तो ऑलिव्हरच्या बरोबरीने उभा राहिला तर ऑलिव्हर ऐकूच येईना. त्याला दहा-पंधरा फूट मागे कोपऱ्यात उभं केलं होतं, अशी आठवण लिल हार्डिनने नंतर सांगितली आहे. बाविशीतही न पोचलेला हा मुलगा तिथून वाजवत होता. ५ आणि ६ एप्रिल या दोन दिवसांतल्या 'चाइम्स ब्लूज'मध्ये त्याचं एकट्याचं वादन पहिल्यांदा मुद्रित झालं.

बिल जॉन्सन खरा डबल बासचा माणूस, आणि त्याच्या हातात मात्र बँजो. याचं कारण भोंग्यात आहे. भोंगा साधारण १७० ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातलं नीट पकडतो. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे ती हिशेबातच नाही. बँजोचा टणत्कार मात्र आरपार जातो. मोठ्या ढोलाचं दुखणं वेगळं. त्याचा दणका बसला की सुई खाचेतून उडायची आणि चकती वाया जायची. म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. त्या काळच्या तबकड्यांवरून जॅझच्या तालवाद्यांचा अंदाज बांधणं म्हणजे तबल्याच्या साथीतून डग्गा काढून घ्यायचा आणि साथ अशीच असते म्हणायचं.

वेळेचं बंधन आपल्याला नवं नाही. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जानने गायलं तेव्हापासून आपल्या गवयांनीही तीन मिनिटांत राग मांडायची कसरत केली आहे. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास मावतं. ब्लूज या गीतप्रकाराचं एक आवर्तन १२ मात्राखंडांचं, प्रत्येकात ४ ठोके, म्हणजे ४८ ठोके. मिनिटाला १९२ ठोक्यांची लय धरली तर आवर्तनाला १५ सेकंद लागतात. तीन मिनिटांत फार तर १२ आवर्तनं. नाचाच्या हॉलमध्ये हीच चीज कितीही लांबवता यायची. इथे मात्र कोणाला किती आवर्तनं, हे आधीच ठरवावं लागे.

वेगाबाबत एक व्यावहारिक सूचना. तबकडीवर ७८ लिहिलेलं असलं तरी ती त्याच वेगाने कोरली असेलच असं नाही. मुद्रण ७४ फेऱ्यांनी झालं आणि आपण ७८ने वाजवलं, तर सूर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो आणि लयही तेवढी पळते. पेटी जवळ घेऊन बसा. या बँडना सोयीचे सूर म्हणजे काळी पाच, काळी दोन, पांढरी चार. तबकडी पांढरी सातमध्ये ऐकू आली तर वादकांवर नाही, वेगावर संशय घ्या. वेग थोडा उतरवा, काळी पाच लागते आणि क्लॅरिनेटचा आवाजही किरटा राहत नाही.

१९२५मध्ये मायक्रोफोन आला. मे १९२७मध्ये आर्मस्ट्राँगने आपल्या 'हॉट सेव्हन' या बँडच्या तबकड्या केल्या तेव्हा खर्जाला ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य होतं आणि तालवाद्यांवर पुन्हा तोच बेबी डॉड्स. दोन्ही काळांतली एकेक तबकडी पाठोपाठ लावून पाहा.

आता ऑलिव्हरच्या बँडचं 'डिपरमाउथ ब्लूज' लावू. ६ एप्रिल १९२३. चार मात्राखंडांची सुरुवात, मग दोन आवर्तनं सगळे मिळून. त्यानंतर जॉनी डॉड्सची दोन, आणि तिथे बाकीचे फक्त मोजके ठोके देतात. एक आवर्तन पुन्हा सगळ्यांचं. मग ऑलिव्हरची तीन. कॉर्नेटच्या तोंडाशी झाकण धरून, ते उघडत-मिटत तो 'वा-वा' असा माणसासारखा आवाज काढतो. ही तीन आवर्तनं पुढे कितीतरी ट्रम्पेटवाल्यांनी जशीच्या तशी पाठ केली. शेवटच्या आवर्तनाच्या आधी सगळे थांबतात आणि एक आरोळी ऐकू येते : 'ओ, प्ले दॅट थिंग!'

ती बिल जॉन्सनची. त्या मोकळ्या जागेत बेबी डॉड्सने वाजवायचं होतं, आणि तो विसरला. जागा कोरी जाऊ नये म्हणून जॉन्सन ओरडला, असं डॉड्सनेच पुढे सांगितलं आहे. मेणात कोरलं गेलं, ते तसंच छापलं गेलं. दोन वर्षांनी, मे १९२५मध्ये, न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडने हीच चीज 'शुगर फूट स्टॉम्प' या नावाने मुद्रित केली. ऑलिव्हरची तीन आवर्तनं तिथे आर्मस्ट्राँगने वाजवली, आणि आरोळीही ठरवून दिली.