सैतानाला नरकात धाडलं, तरी चर्च नाराज

(दृश्य: मैफिलीची जुनी चित्रफीत. रंगमंचावरून प्रेक्षकांत काहीतरी भिरकावलं जातंय.)

नीट बघा. हा मायकेल स्वीट, स्ट्रायपर या अमेरिकन बँडचा गायक. रॉक बँडवाले गर्दीत गिटारचं पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, फेकतात, ड्रमच्या काठ्या फेकतात, घामाने भिजलेला टॉवेल फेकतात. इथून उडतोय तो बायबलचा नवा करार. छोटी, हातात मावणारी प्रत.

आता खालचे हात बघा. एका प्रतीसाठी आठ-दहा हात वर. घरी नेऊन ती कितीजणांनी उघडली, ते कॅमेऱ्याला कळत नाही. झेलायला मात्र झुंबड आहे.

(दृश्य: रेकॉर्डचं वेष्टन, जवळून.)

'टू हेल विथ द डेव्हिल'. ऑक्टोबर 1986, एनिग्मा रेकॉर्ड्स. हेवी मेटल, म्हणजे रॉकचा सगळ्यात दणदणीत प्रकार, म्हटलं की कवट्या, ज्वाला आणि शिंगं असा तो काळ. त्यात या चौघांनी सैतानाला सरळ नरकाची वाट दाखवली. एवढं स्पष्ट नाव असल्यावर निदान चर्चमधली माणसं खूश व्हायला हरकत नव्हती.

तसं झालं नाही. पण त्याआधी हे चौघे कोण, ते बघू.

(दृश्य: कॅलिफोर्निया, रस्ते, क्लबच्या पाट्या. मग बँडची सुरुवातीची छायाचित्रं.)

कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी. मायकेल आणि रॉबर्ट स्वीट हे दोघे भाऊ. एक गातो आणि गिटार वाजवतो, दुसरा ड्रमवर. जोडीला गिटारवादक ऑझ फॉक्स. बँडचं आधीचं नाव रॉक्स रेजीम. लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये तेव्हा असे बँड पैशाला पासरी होते. स्प्रे मारून उभे केलेले केस, घट्ट चमकदार पँट, डोळ्यांत काजळ. हेही त्यातलेच.

स्वीट बंधूंच्या घरात 1975 साली टीव्हीवर जिमी स्वॅगर्ट दिसले होते. लुइझियानाचे धर्मोपदेशक. पियानो वाजवत गाणारे, घाम पुसत गर्जणारे, आणि रॉक अँड रोलमधल्या जेरी ली लुइसचे सख्खे मावसभाऊ. त्यांचा कार्यक्रम बघून या भावांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. मायकेल तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे विशीच्या आत श्रद्धा सुटली, क्लब सुरू झाले, आणि 1983 मध्ये मुलं परत वळली. यापुढे वाजवायचं ते देवासाठी, असं ठरलं. बँडचं नाव बदललं. केस, काजळ आणि आवाज मात्र तसाच ठेवला.

या निर्णयाला माझी दाद आहे. देवाकडे वळलेल्याने आधी गिटारचा आवाज कमी करावा, अशी अपेक्षा करणारे पुष्कळ होते. यांनी तो वाढवला.

(दृश्य: पिवळे-काळे पट्टे. पोशाख, गिटार, ड्रम, माईकचा दांडा.)

आता हे पट्टे. कपड्यांवर, गिटारवर, ड्रमवर, जिथे जागा मिळेल तिथे पिवळं आणि काळं. बोधचिन्हाखाली एक आकडा दिसेल: यशया 53:5. बायबलमधलं, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झालं, असं सांगणारं हे वचन. 'त्याला' म्हणजे ख्रिस्ताला, अशी ख्रिस्ती श्रद्धा. पाठीवर उठलेल्या फटक्यांच्या वळांवरून हे पट्टे आले.

ड्रमकडेही बघा. ते प्रेक्षकांकडे तोंड करून मांडलेले नाहीत, आडवे वळवलेले आहेत. झांजांच्या जंगलात ड्रमवाला लपतो, आणि रॉबर्टला लपायचं नव्हतं. भक्तीत मिरवणं किती चालतं, हा प्रश्न त्यांच्या टीकाकारांनी विचारला. मला तो गैर वाटत नाही. पण मिरवणूक देखणी आहे, हेही कबूल करायला हवं.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं, लांब पांढुरके केस असलेला गायक. मग डॅलसचं भरलेलं स्टेडियम.)

ख्रिस्ती रॉक यांनी सुरू केलं नाही. हा लॅरी नॉर्मन. 1969 मध्ये कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने त्याचा 'अपॉन धिस रॉक' काढला. या प्रकारातला पहिला अल्बम म्हणून बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. आणि हे डॅलस, जून 1972. एक्स्प्लो 72 नावाचा तरुणांचा मेळावा, धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम यांच्या पाठिंब्याने भरलेला. तिथेही नॉर्मन गायला. म्हणजे चर्चच्या अंगणात गिटार येऊन दीड दशक होत आलं होतं. मेटल मात्र अंगणाबाहेर होतं.

(दृश्य: रेकॉर्ड फिरतेय. सुई टेकते.)

पहिला तुकडा 'अबिस', छोटासा, नुसतं वातावरण. मग शीर्षकगीत, आणि मायकेलचा तो कानाला टाचणी लावणारा वरचा सूर. पुढे 'कॉलिंग ऑन यू', 'फ्री', 'ऑनेस्टली', 'द वे', 'मोर दॅन अ मॅन'. मांडणी पक्की आहे. दोन गिटार एकाच धुनेत जोडीने चालतात, आणि कोरस असा की दुसऱ्यांदा येतो तेव्हा ऐकणाऱ्याला पाठ झालेला असतो. जाता जाता एक गंमत: छायाचित्रात बास गिटार घेऊन उभा आहे तो चौथा, टिम गेन्स. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो बँडबाहेर होता, आणि रेकॉर्डवर ऐकू येतो तो बास ब्रॅड कॉब याचा.

'मोर दॅन अ मॅन'मध्ये देवाचं बोलावणं अगदी उघड आहे. 'ऑनेस्टली' हे पियानोवरचं संथ गाणं कुणीही आपल्या माणसासाठी म्हणावं असं, आणि देवाचं नाव त्यात नाहीच. भांडण या दोन गाण्यांच्या मधे आहे. मेटल ऐकणाऱ्याला पहिलं खटकतं: आम्ही प्रवचनाला आलो नव्हतो. चर्चला जाणाऱ्याला दुसरं खटकतं: यात ख्रिस्त कुठे आहे? दोन्ही तक्रारी एकाच रेकॉर्डबद्दल, आणि दोन्हीकडच्या लोकांची खात्री की हा बँड समोरच्या पक्षाचा आहे.

(दृश्य: व्यासपीठ, माईक, हातात उंचावलेलं बायबल.)

सगळ्यात मोठा आवाज व्यासपीठावरून आला, आणि तो जिमी स्वॅगर्ट यांचा होता. हो, तेच. ज्यांना टीव्हीवर बघून ही मुलं श्रद्धेकडे वळली, त्यांनीच त्यांना झोडपलं. मैफिलीत नवा करार वाटणं म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणं, असं त्यांचं म्हणणं. 1987 मध्ये ख्रिस्ती रॉकविरुद्ध त्यांचं अख्खं पुस्तक आलं. मेंढराच्या वेषातला लांडगा, असा त्याच्या नावातच निकाल.

मघाचे ते हात आठवा. ज्यांना डुकरं म्हटलं गेलं, ते हे.

(दृश्य: टेलिफोन. टीव्हीचा पडदा. व्हिडिओतले पिवळे-काळे पट्टे.)

त्या मुलांचं म्हणणं कुठे नोंदलं गेलं? फोनवर. एमटीव्हीवर 'डायल एमटीव्ही' नावाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांनी फोन करून आपल्या आवडीचा व्हिडिओ मागायचा. 1987 मध्ये 'कॉलिंग ऑन यू' आणि 'फ्री' हे दोन्ही सर्वाधिक मागणीच्या दहांत होते, आणि 'फ्री' तर पहिल्या क्रमांकावर गेलं. दोनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1985 मध्ये, रॉकच्या शब्दांवरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली होती. घाबरलेल्या पालकांच्या घरात मेटलची कॅसेट टिकणं अवघड होतं. वेष्टनावर बायबलचं वचन असलेली कॅसेट दाखवून वाद घालता येत होता. मुलांनी तो घातला असणार.

अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या खपाच्या यादीत 32 व्या क्रमांकापर्यंत चढला. 'ऑनेस्टली' एकेरी गाण्यांच्या यादीत 23 वं. अमेरिकेत दहा लाख प्रती, म्हणजे प्लॅटिनम. ख्रिस्ती मेटलला हे पहिल्यांदाच जमलं.

(दृश्य: दोन वेष्टनं शेजारी शेजारी. एक चित्राचं, एक साधं काळं.)

हे पहिलं वेष्टन. पंख असलेले चार लांबकेशी देवदूत एका रॉकस्टारसारख्या सैतानी इसमाला आगीच्या खाईत लोटतायत. देवदूतांचे चेहरे ओळखीचे वाटतील, बँडवरूनच काढलेत. चित्रावर गदारोळ झाला आणि पुढच्या प्रती साध्या काळ्या निघाल्या. गाणी ऐकण्याआधी वेष्टन बघून मत बनवणारे होते, हे यातून कळतं. चित्रवालं वेष्टन मला जास्त आवडतं. म्हणून पडद्यावर ते जास्त वेळ ठेवलंय.

(दृश्य: पट्टे नसलेले पोशाख. मग अलीकडची मैफल.)

पुढचं थोडक्यात. 1988 मध्ये स्वॅगर्ट स्वतःच्या प्रकरणात अडकले आणि टीव्हीवर रडून क्षमा मागते झाले. ती चित्रफीत इथे लावत नाही. 1990 च्या 'अगेन्स्ट द लॉ'मध्ये बँडने पट्टे उतरवले, देवाचा उल्लेखही उतरवला, आणि साथ देणारे ख्रिस्ती श्रोतेही दुखावले. 1992 मध्ये मायकेल बाहेर पडला. 2003 मध्ये चौघे पुन्हा एकत्र दौऱ्यावर निघाले.

2018 मध्ये त्यांचा 'गॉड डॅम ईव्हिल' आला. दुष्टतेला देवाने शाप द्यावा, ही प्रार्थना. पण 'गॉड डॅम' ही इंग्रजीत शिवीही. वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीने नाव वाचलं आणि अल्बम दुकानात ठेवायला नकार दिला.