एकच माती, ओलावा २० टक्के की २५?

(हातात मातीची डबी)

ही आमच्या शेतातली काळी माती. हिच्यात पाणी किती? एक जण म्हणेल २० टक्के, दुसरा म्हणेल २५. दोघंही बरोबर आहेत. कसे, ते बघू.

पद्धत जुनीच आहे. ओली माती मोजा, वाळवा, पुन्हा मोजा. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी. खरी गडबड होते ती नमुना काढतानाच. माती परीक्षणाला द्यायचा नमुना आपण सावलीत वाळवतो ना, ती सवय इथे विसरा. गिरमिटाने माती काढली की लगेच घट्ट झाकणाच्या डबीत. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आतून घाम सुटतो, आणि तो घाम म्हणजे तुम्हाला मोजायचं तेच पाणी! वरच्या १५ सेंटिमीटरची डबी वेगळी, खालच्या थराची वेगळी. वरची माती सुकलेली आणि खाली गारवा, हे तर नेहमीचंच.

आता झाकण काढून डबी ओव्हनमध्ये. १०५ ते ११० अंश सेल्सिअस, साधारण २४ तास. घाई म्हणून तापमान वाढवू नका, मातीतला सेंद्रिय भाग जळतो आणि आपण त्याला पाणी समजून बसतो. जिप्समवाली माती असेल तर ६० ते ८० अंशच ठेवायचे, कारण जिप्समच्या स्फटिकातलं पाणीही निघून जातं.

बाहेर काढल्यावर झाकण लावा आणि थंड होऊ द्या. मी पहिल्यांदा गरम डबीच काट्यावर ठेवली होती. आकडा काही स्थिर होईना! गरम डबीभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते. उघडी ठेवून थंड करायचीही सोय नाही, वाळलेली काळी माती हवेतला दमटपणा ओढून घेते.

(फळ्याकडे वळून)

रिकामी डबी २० ग्रॅम. ओल्या मातीसकट ७५. वाळल्यावर ६४. म्हणजे पाणी ११, कोरडी माती ४४, ओली माती ५५. ११ भागिले ५५ केलं तर २० टक्के. ११ भागिले ४४ केलं तर २५. मातीच्या प्रयोगशाळेत कोरड्या वजनानेच भागतात, कारण ओलं वजन रोज बदलतं, कोरडं बदलत नाही. रस्त्याच्या भरावाच्या कामावर मातीत कॅल्शियम कार्बाइड मिसळून झटपट ओलावा सांगणारं मीटर वापरतात, ते मात्र ओल्या वजनावरचा टक्का दाखवतं. त्याचं २० म्हणजे आपलं २५. कोणी नुसता टक्का सांगितला तर आधी विचारा, कशाने भागलंत?

बरं, २५ टक्के म्हणजे भरपूर का? रेताड जमीन पाण्याचा निचरा झाल्यावर एवढं धरूनच ठेवू शकत नाही. भारी काळ्या जमिनीत मात्र १८-२० टक्के ओलावा असतानाही पीक मान टाकू शकतं. चिकणमाती ते पाणी इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढताच येत नाही. म्हणून शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

एक करा. पाऊस उघडला, की मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आलाय, म्हणजे ओल मशागतीजोगी झालीय. त्याच दिवशी नमुना काढा, टक्का वहीत लिहा, शेजारी तारीख आणि खोली. पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघा.